शुक्रवारचा वास

मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे. पांढरी आता नावालाच म्हणायची. दारांच्या कडा गंजल्या आहेत आणि मागच्या काचेवरची 'सुभद्रा भोजनालय, कुरुळी' ही लाल अक्षरं अर्धी उडाली आहेत. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता ही म्हातारी गाडी रडगाणं गाणार. थोडं गाईन, तेवढा माझा हक्क आहे. पण मला जे सांगायचं आहे ते वेगळंच आहे. वर्षभर मला एक दुखणं होतं. ते कुठे आहे हे मला नेमकं ठाऊक होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. आणि माझ्या त्या दुखण्यापायी दहा वर्षांची एक मुलगी घरात खोटारडी ठरली.

माझी पहिली वर्षं सोपानरावांकडे गेली. ते कुरुळीतले जुने शेतकरी. दुधाचे कॅन, लग्नातली वऱ्हाडी मंडळी, बाजारची भाजी, काय काय वाहिलं मी तेव्हा! पुढे त्यांच्याकडे मोठी गाडी आली आणि मला त्यांनी उद्धवरावांना विकलं. गाडी देताना एक सल्लाही दिला. भरल्या टाकीनं गाडी कधी गॅरेजला सोडायची नाही, परत मिळते तेव्हा पेट्रोल निम्मं झालेलं असतं. उद्धवरावांनी तो सल्ला देवाच्या प्रसादासारखा घेतला. हा सल्ला तेवढा लक्षात ठेवा.

उद्धवराव मूळचे बीडकडचे. तळवड्याच्या एका लहानशा प्लेटिंगच्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं काढली. लोखंडाच्या वस्तूंवर चकाकी चढवायचं काम. आम्लाच्या टाक्यांवर वाकून उभं राहायचं आणि वाफ नाकातोंडात घ्यायची. तो कारखाना सुटला तेव्हा त्यांच्या पत्नी सुभद्राबाई यांनी खानावळ काढली आणि मी घरात आले. त्या दिवशी माझ्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती, बॉनेटवर हळदीचं स्वस्तिक काढलं होतं, आणि सुभद्राबाईंनी मला ओवाळताना डोळे पुसले होते. त्यांचा मुलगा समर्थ तेव्हा आयटीआयला होता. त्यानं हौसेनं माझ्यात मोठे स्पीकर बसवले आणि वायर न्यायला मागच्या सीटखाली, तळाच्या पत्र्याला अंगठ्याएवढं भोक पाडलं. पुढे स्पीकर बिघडले, काढूनही टाकले. भोक बुजवायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. वरून चटई पसरली की झालं.

तेव्हापासून मी डबे वाहते. साठ-सत्तर डबे रोज. सकाळी पिंकीला शाळेत सोडायचं, मग तळवड्याची वर्कशॉपं, मग चाकणच्या कंपन्यांची गेटं. पिंकी म्हणजे समर्थची मुलगी. समर्थ आता चाकणला शिफ्टमध्ये काम करतो. पिंकीची आई मंजुषा आणि सुभद्राबाई मिळून पहाटेपासून चपात्या लाटतात. उद्धवराव मात्र माझेच. बाजार आणायचा, डबे पोचवायचे, रिकामे परत आणायचे. कारखाना सुटल्यावर त्यांच्या हातात उरली ती माझी किल्ली. समर्थ अधूनमधून म्हणायचा की बाबांचं वय झालं, गाडी भंगारात देऊ आणि एक पोरगा ठेवू डबे पोचवायला. ते ऐकलं की उद्धवराव फडकं घेऊन माझ्या काचा पुसायला यायचे.

आता दुखण्याकडे येते.

माझ्या डाव्या अंगाला पेट्रोल भरायचं झाकण आहे. तिथून टाकीपर्यंत एक जाड रबरी नळी जाते. तिला मागच्या वर्षी वरच्या बाजूला, टाकीजवळच्या वळणावर चीर पडली. रबराचं वय झालं होतं, त्यात कुणाचा दोष नाही. चीर टाकीच्या वरच्या काठाच्याही वर. म्हणजे टाकी निम्मी असली तर तिथवर पेट्रोल पोचतच नाही, नळी कोरडी ठणठणीत. टाकी गळ्यापर्यंत भरली, की चिरेतून ओल सुटते, वाफ वर चढते आणि समर्थनं पाडलेल्या भोकातून थेट माझ्या पोटात शिरते. काचा बंद असल्या की तिथेच कोंडून राहते.

आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, हे तुम्हाला माहीत असेल. त्या दिवशी डबे बंद. म्हणून उद्धवराव गुरुवारी संध्याकाळी पंपावर जायचे आणि आठवड्याचं पेट्रोल एकदम भरायचे. पंपावरचा मुलगा नळी काढायला लागला की हे म्हणायचे, अजून थोडं जाईल, काठोकाठ भर. गाडी हलवून हलवून ते शेवटचे घोट माझ्या गळ्यात उतरवायचे. त्यांना वाटायचं, आपण माझे लाड करतोय.

म्हणून शुक्रवारी सकाळी वास यायचा. शनिवारी दुपारपर्यंत टिकायचा. सोमवारी कुणी शपथ घालून विचारलं तरी वास नाही.

पहिल्यांदा बोलली ती पिंकीच. ती मागच्या सीटवर, बरोबर त्या भोकावर बसायची. एका शुक्रवारी ती शाळेच्या फाटकापाशी उतरली आणि तिथेच तिला उलटी झाली. पेट्रोलचा वास येतोय म्हणाली. उद्धवराव मागे जाऊन वाकले, दोनतीनदा जोरात श्वास ओढला आणि म्हणाले, काही नाही. पुढच्या शुक्रवारी तिचं डोकं दुखलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ती गाडीत चढायलाच तयार होईना. आणि दुर्दैव बघा, तिच्या शाळेत गणिताची चाचणी शुक्रवारीच असायची. मोठ्या माणसांनी दोन आणि दोन चार केले. पोर चाचणी चुकवायला सोंग करते, असं ठरलं. मंजुषानं तिला दोन धपाटे दिले. ती मागच्या सीटवर ओढणीत नाक खुपसून रडत बसली, आणि तिच्या खाली, वीतभर अंतरावर, मी थेंब थेंब पाझरत होते. इतकी लाज मला माझ्या गंजाचीही वाटली नाही.

मग डब्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. चपातीला वास येतो, असं तळवड्याच्या एका वर्कशॉपातली माणसं म्हणू लागली. सुभद्राबाईंना वाटलं, नवरा मागे पेट्रोलचा कॅन ठेवतो. त्या रोज दारं उघडी टाकून सीटच्या मागेपुढे बघायच्या, कॅन काही सापडायचा नाही आणि उघड्या दारांतून वासही उडून गेलेला असायचा. तीन शुक्रवार झाले आणि त्या वर्कशॉपनं वीस डबे बंद केले.

समर्थनं स्वतः तपासायचं ठरवलं. त्याला सुट्टी गुरुवारी. गुरुवारी सकाळी तो मला घेऊन आळंदीपर्यंत जाऊन आला, काचा बंद करून. टाकीत तेव्हा तळाला चार घोट होते. वास कुठून येणार? घरी येऊन तो म्हणाला, मला काही जाणवलं नाही. पिंकीनं त्याच्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. त्या घरात खरं बोलणाऱ्या आम्ही दोघीच होतो. तिचं कुणी ऐकत नव्हतं आणि माझं ऐकू येत नव्हतं.

कोंडाजी मिस्त्रींचं गॅरेज तळवड्याच्या रस्त्याला आहे. कोंडाजी इथलेच, हाताला हुशार माणूस. उद्धवरावांनी मला तीनदा त्यांच्याकडे नेलं. तीनही वेळा बुधवारी, टाकी खाली गेल्यावर, सोपानरावांच्या सल्ल्याप्रमाणे. कोंडाजींनी कार्बोरेटर खोलला, पुसला, वायसर बदलला. पेट्रोलचा फिल्टर बदलला. इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्या बोटांनी चाचपल्या. दुसऱ्या खेपेला मला वर उचलून त्यांनी खालून दिवा फिरवला. तो उजेड टाकीवरून सरकला, नळीवर आला, वळणापाशी थांबला. मित्रांनो, तेव्हा माझ्या जिवाची काय घालमेल झाली! तिथेच, अगदी तिथेच, अजून चार बोटं वर बघा, असं मी पत्र्यापत्र्यातून ओरडत होते. चीर वरच्या अंगाला, खालून दिसणारी नव्हती. नळीखाली बोट फिरवून ते कोरडं बघून कोंडाजींनी दिवा पुढे नेला. सगळं सुकं हाय, म्हणाले. मी हवेत तशीच टांगलेली राहिले.

आता एक गोष्ट कबूल करते. मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. उद्धवरावांना वास येत नव्हता. फक्त पेट्रोलचा नाही, कशाचाच नाही. आम्लाच्या त्या वाफांनी नाक आधीच अधू केलं होतं, उरलंसुरलं वयानं पुसून नेलं होतं. बाजारात ते मेथीची जुडी नाकाशी धरायचे, मग शेजारच्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरवायचे. मी हे चार वर्षं बघत होते. त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. का, तेही मला कळत होतं. हे बाहेर पडलं असतं तर समर्थनं त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती, आणि मी भंगारात गेले असते. म्हणून मला तोंड असतं तरी मी बोलले असते का? मागच्या सीटवर ती पोर रडत असताना मी हा प्रश्न स्वतःला विचारला आहे.

तो शुक्रवार फेब्रुवारीतला. वारा सुटला होता आणि रस्त्यानं मातीचे डंपर जात होते, गल्लीभर धुरळा. माझ्या डॅशबोर्डवर लहानसा गणपती आहे. रोज निघण्याआधी उद्धवराव त्याच्यापुढे उदबत्ती लावतात. एरवी ते माझ्याबाहेर उभे राहून, बॉनेटच्या आडोशाला ती पेटवायचे आणि मग दार उघडं ठेवून आत आणून खोचायचे. त्या दिवशी वाऱ्यानं दोन काड्या विझवल्या. तिसरी पेटेचना. तेव्हा ते आत येऊन बसले, दार ओढलं, काचा वर केल्या. पिंकी मागे बसली होती. पुढच्या सीटवर डबे रचलेले. टाकी काठोकाठ. रात्रभर गल्लीच्या उतारावर डाव्या अंगाला कलून उभी असलेली मी आतून वाफेनं भरून गेले होते.

उद्धवरावांनी काडीपेटी काढली. दारं माझी, काचा माझ्या, आणि मीच त्या दोघांना कोंडून उभी होते.

पिंकी म्हणाली, "आजोबा, काडी ओढू नका. वास येतोय."

ते चिडले. आज परत चाचणी आहे वाटतं, म्हणाले. काडी त्यांच्या बोटांत होती.

पिंकी रडली नाही. आदल्याच दिवशी घरात एक गोष्ट घडली होती, मला ती पुढे त्यांच्या बोलण्यातून कळली, आणि तीच तिच्या डोक्यात घोळत असावी. गॅसवर दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर झाला, आणि आजोबा शेजारच्या खुर्चीत निवांत पेपर वाचत बसलेले. आजीनं लक्ष नाही म्हणून बोल लावला होता. पिंकीनं मात्र तेव्हा आजोबांकडे टक लावून बघितलं होतं. आता तिनं डब्यांच्या पिशवीतून एक लहान डबी काढली, झाकण उघडलं, सीटांच्या मधून हात पुढे केला आणि डबी त्यांच्या नाकाखाली धरली.

"डोळे मिटा आजोबा. यात काय आहे ते सांगा, मग लावा उदबत्ती."

काय वाटलं कोण जाणे, त्यांनी डोळे मिटले. खूप वेळ श्वास ओढला. मग म्हणाले, "कोथिंबीर."

डबीत लसणाचा ठेचा होता. सुभद्राबाईंचा ठेचा गल्लीच्या तोंडापर्यंत कळतो. उद्धवरावांनी डोळे उघडून डबीकडे बघितलं, मग आरशात पिंकीकडे. ती रागावली नव्हती. तिला एकदम सगळं समजलं होतं.

"तुम्हाला कशाचाच येत नाही ना?" तिनं हळू विचारलं.

काडी त्यांनी परत पेटीत घातली. मग त्यांनी हळूच दार उघडलं, खाली उतरले, पिंकीला कडेवर घेतलं. दहा वर्षांची मुलगी कडेवर घ्यायची नसते, पण घेतलं. चारही दारं सताड उघडी टाकली आणि तिला घेऊन घराच्या पायरीपर्यंत गेले. सुभद्राबाई शेवटचे डबे घेऊन बाहेर येत होत्या.

"अगं, मला वास येईना," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. कशाचाच येईना. पोरगी खरं बोलायलीय. ती पहिल्यापासून खरंच बोलायलीय."

सुभद्राबाईंनी डबे पायरीवर ठेवले.

"आणि चार वर्षं रोज म्हणत होता, आमटी काय घमघमायलीय म्हणून."

"तुझी आमटी घमघमत असणारच की," उद्धवराव म्हणाले.

त्या डोळ्यांना पदर लावून आत गेल्या आणि त्यांनीच कोंडाजींना फोन केला. गाडी इकडे आणा, असं कोंडाजी सवयीनं म्हणाले. टाकी भरलेली आहे म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला. किल्लीला हात लावू नका, जवळ विडी-काडी आणू नका, मीच येतो. त्या दिवशीचे डबे शेजारच्या सुजितच्या टेम्पोतून गेले.

कोंडाजी आले ते मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी लावून, चालत. उद्धवरावांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मला वास येत नाही, काय विचारायचं ते हिला विचारा. पिंकी गंभीर चेहऱ्यानं माझ्या दाराशी वाकली. पुढून मागे, मागून पुढे. मग मागच्या सीटवर बोट ठेवून म्हणाली, इथे, सगळ्यात जास्त. कोंडाजींनी सीट काढली, चटई ओढली. समर्थचं ते भोक इतक्या वर्षांनी उजेडात आलं. त्यांनी खाली हात घालून, नळीच्या वरच्या अंगाला वळसा देत बोटं फिरवली. बाहेर काढली तेव्हा बोटं ओली होती.

मित्रांनो, त्या ओल्या बोटांकडे बघून मला जे वाटलं ते पहिल्या दिवशीच्या ओवाळणीलाही वाटलं नव्हतं.

कोंडाजींनी बोटं पुसली. "उद्धवराव, तीन येळा तुमी दुखनं घरी ठिवून गाडी माझ्याकडं आनली व्हती. आन मी बी येड्यावानी सुक्यात वल शोधत बसलो. टाकी भरल्यावर वास येतो का, येवढं मी इचाराया पायजे व्हतं."

"पेट्रोल चोरतील म्हणून रिकामी आणायलो," उद्धवराव म्हणाले. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

कोंडाजी हसले नाहीत. आमच्याकडं चोरत्यात बी काही जण, एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. आधी पेट्रोल काढलं, मग नळी बदलली, भोकाला रबरी बूच बसवलं. नळी काढून पिंकीच्या हातात दिली. तिनं ती दोन्ही हातांनी वाकवली, तेव्हा चीर तोंड उघडल्यासारखी फाकली.

संध्याकाळी समर्थ शिफ्टवरून आला. सगळं ऐकलं आणि खिळ्यावरची माझी किल्ली काढून खिशात घातली. मला वाटलं, संपलं. तीन दिवस मी गल्लीत उभी होते. उद्धवराव रोज येऊन काचा पुसायचे आणि परत जायचे. आत काय बोलणी झाली मला ऐकू आली नाहीत. चौथ्या दिवशी किल्ली खिळ्यावर परत आली, पण अटी घेऊन. गॅसच्या खोलीत बाबांनी एकटं थांबायचं नाही. गाडीत काडी ओढायची नाही. टाकी काठोकाठ भरायची नाही. आणि सकाळी पिंकी हो म्हणेपर्यंत किल्ली फिरवायची नाही. समर्थ पायरीवर पिंकीजवळ बसला आणि त्यानं तिची माफी मागितली. मंजुषानं नुसतंच तिच्या केसांत तेल घातलं, बराच वेळ.

तळवड्याचे ते वीस डबे परत आले नाहीत. माझ्या पासिंगला आणखी दोनच वर्षं आहेत, त्यानंतर काय ते मला माहीत आहे. मला अजूनही बोलता येत नाही आणि यायचंही नाही. पत्र्यात कोंडून राहणं हे यंत्राच्या जन्माला आलेल्याचं नशीबच आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. तुमच्या घरातल्या जुन्या गाडीला, स्टोव्हला, मिक्सरला काही होत असेल तर ते होत असतानाच दाखवा, चांगली वेळ बघून नेऊ नका. आणि घरातलं लहान माणूस काही खुपतंय म्हणालं, तर आपल्याला जाणवत नाही एवढ्यावरून त्याला खोटं ठरवू नका. आम्हाला तोंड नाही. त्यांना आहे, तर ऐका.

आता रोज सकाळी उदबत्ती तुळशीपाशी लागते. उद्धवराव किल्ली हातात धरून बसतात आणि आरशात बघतात. पिंकी नाक वर करून सगळीकडे फिरवते आणि म्हणते, चला. मग शाळा येईपर्यंत ती त्यांना सांगत राहते. आजोबा, आता कुणीतरी भजी तळतंय. आता ओली माती. आता तुम्ही सांगता तसा कारखान्याचा वास आला, काचा वर करा. डब्यात आज मेथी आहे, थोडी करपलीय, आजीला सांगू नका.

उद्धवराव मान डोलावतात आणि मला अगदी सावकाश चालवतात.